लार्चचं बोन्साय : आधी डोंगर समजून घ्या, मग कुंडी

नोव्हेंबरात लार्चच्या सुया पिवळ्या पडू लागल्या की हे झाड पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाचा जीव खालीवर होतो. पाइन किंवा ज्युनिपर असा सगळाच्या सगळा पिवळा पडला तर तो गेलाच समजायचा, आणि लार्च तर दिसतो अगदी त्यांच्यासारखा. मग कुणी पाणी वाढवतं, कुणी खत घालतं, कुणी कुंडी उचलून घरात उबेला ठेवतं. या तिन्हींतला शेवटचा उपाय झाडाला खरोखर मारतो. लार्च सूचीपर्णी आहे आणि पानझडीही आहे. शंकू धरणाऱ्या झाडांमध्ये दरवर्षी सगळी पानं गाळणारे वंश जगात मोजकेच. त्यांत सर्वांत जास्त जाती लार्चच्या आणि सर्वांत मोठा पसाराही लार्चचाच.

मी बरीच वर्षं लार्च वाढवतो आहे, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. या झाडाची छाटणी, कुंडीबदल, तार, पाणी हे सगळं ते मूळच्या डोंगरावर कसं जगतं त्यातून निघतं. ते समजलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून आधी डोंगराकडे जाऊ, हत्यारं नंतर काढू.

लार्च राहतो कुठे

लार्चच्या दहा-बारा जाती आहेत आणि सगळ्या उत्तर गोलार्धातल्या, थंड मुलखातल्या. युरोपीय लार्च आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांत वाढतो. आल्प्समध्ये तो सुमारे २४०० मीटर उंचीपर्यंत, म्हणजे जिथे जंगल संपून नुसतं गवत आणि खडक उरतात तिथपर्यंत पोचतो. जपानी लार्च होन्शू बेटाच्या मधल्या डोंगरांतला. नागानोच्या परिसरात आणि फुजीच्या उतारांवर ज्वालामुखीची राख आणि सच्छिद्र दगड यांत तो उगवतो. जपानीत त्याला करामात्सु म्हणतात. अमेरिकेत तामारॅक आहे. कॅनडाच्या एका टोकापासून अलास्कापर्यंत पसरलेला हा लार्च दलदलीतही उभा राहतो. रॉकी आणि कॅस्केड पर्वतांत, वृक्षरेषेवरच्या उघड्या खडकांत, लायलचा लार्च वाढतो आणि त्यातली काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. पूर्व हिमालयात, सिक्कीम, भूतान आणि पूर्व नेपाळमध्ये, झुलत्या डहाळ्यांचा हिमालयी लार्च सापडतो. त्याचे शंकू साऱ्या लार्चमध्ये लांब.

आणि सायबेरियाचा डाहुरियन लार्च. तैमिर द्वीपकल्पावरचं आरी-मास हे जगातलं सर्वांत उत्तरेकडचं जंगल याच झाडाचं, ७२ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर. तिथली जमीन खाली कायम गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा विरघळतो आणि झाडाला सगळी मुळं त्या पातळ थरातच पसरावी लागतात.

इतक्या थंडीत टिकण्याची युक्तीच मुळी पानं गाळण्यात आहे. जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही, पण वारा आणि ऊन सुयांमधलं पाणी ओढतच राहतात. सदाहरित झाडं त्यावर जाड मेणाचा उपाय करतात. लार्च पानंच टाकून देतो. म्हणून त्याच्या सुया मऊ, पातळ, हाताला न टोचणाऱ्या. एकाच उन्हाळ्यासाठी बनवलेली वस्तू जाडजूड करायची कशाला? सुप्तावस्थेतला तामारॅक उणे ६५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसतो, असं नोंदलं गेलं आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. लार्च हा पहिल्या फळीतला वृक्ष आहे. दरड कोसळली, हिमलोटाने उतार खरवडला, हिमनदी मागे सरून दगडगोटे उघडे पडले, की त्या नागड्या जमिनीवर लवकर येणाऱ्या झाडांत तो असतो. तिथे स्पर्धा नसते आणि ऊन भरपूर मिळतं. पण दुसऱ्या झाडांची सावली त्याला खपत नाही. सावलीत गेलेली फांदी तो सरळ सोडून देतो. घनदाट लागवडीतल्या लार्चचं खोड पाहा, अर्ध्या उंचीपर्यंत नुसत्या वाळक्या काटक्या असतात. कुंडीतल्या झाडाच्या खालच्या फांद्या का मरतात, याचं उत्तर तिथेच मिळतं.

तिसरी गोष्ट बर्फाची. तीव्र उतारावर साचलेला बर्फ सगळा हिवाळा हळूहळू खाली सरकत असतो आणि कोवळ्या रोपांना उताराच्या दिशेने लोळवतो. वसंतात रोप पुन्हा उभं राहायला बघतं. वर्षानुवर्षं हे चाललं की बुंध्याशी तलवारीसारखा बाक येतो आणि त्यावर खोड सरळ वर जातं. शेंडा विजेने किंवा वाऱ्याने मोडला तर एखादी बाजूची फांदी वळून शेंड्याची जागा घेते. आल्प्समधले जुने लार्च पाहिले की हा सारा इतिहास खोडावर वाचता येतो. लार्चच्या बोन्सायला आकार देताना माझ्यासमोर याच खुणा असतात.

वाढ कशी होते, हे डोळ्याने पाहा

लार्च हातात घेतला की आधी एक डहाळी नीट बघा. तिच्यावर दोन प्रकारची फूट दिसेल. एक लांब फूट, ज्यावर सुया एकेकट्या, मळसूत्री क्रमाने लागतात. दुसरी आखूड फूट, म्हणजे सालीवर बसलेली बारकी गाठ, जिच्या टोकाला तीस-चाळीस सुयांचा झुबका येतो. ही गाठ वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढते. जुन्या गाठीवर भिंग धरलं तर दरवर्षीची वळी मोजता येतात.

बोन्सायसाठी हीच गाठ सगळ्यात मोलाची. आखूड फूट वर्षानुवर्षं आखूड राहते, पण तिच्या पुढची फांदी कापली आणि तिला ऊन मिळालं, तर तीच लांब फूट बनून बाहेर पडते. फांदीच्या अंगावर जिथे जिवंत गाठ आहे तिथे नवी फांदी मिळण्याची शक्यता आहे. जिथे साल पूर्ण गुळगुळीत झाली आहे आणि एकही गाठ उरलेली नाही, तिथे भरवसा धरू नये. लार्च जुन्या लाकडातून कधीकधी फुटतो, पण त्यावर बेत आखणं धोक्याचं.

वेळापत्रकही लक्षात घ्या. वसंतात आधी आखूड फुटी उघडतात आणि झाड दोन-तीन आठवड्यांत हिरवंगार होतं. लांब फुटी नंतर धावायला लागतात आणि उन्हाळा बराच सरेपर्यंत थांबत नाहीत. पाइनची वाढ बहुतेक एका झटक्यात संपते, लार्चची सुरूच राहते. त्यामुळे छाटणीला एकाच हंगामात दोन-तीन संधी मिळतात. शेंडा मात्र फार जोरकस. वरचा भाग सगळी ताकद ओढतो आणि खालच्या फांद्या दुबळ्या पडतात.

या झाडाच्या चिवटपणाची एक गोष्ट मला फार आवडते. आल्प्सच्या एंगाडिन खोऱ्यात एका पतंगाच्या अळ्या शतकानुशतकं साधारण आठ ते दहा वर्षांनी झुंडीने येऊन लार्चची जंगलंच्या जंगलं तपकिरी करत आल्या. तरीही झाडं मरत नसत. काही आठवड्यांत त्याच उन्हाळ्यात पुन्हा नव्या सुया काढत. त्या वर्षीचं खोडातलं वाढीचं कडं मात्र बारीक पडे. म्हणजे पानं गेली तर लार्च भरून काढतो, पण त्याची किंमत मोजतो. कुंडीतल्या झाडाची सगळी पानं खुडण्याचा मोह झाला की हे बारीक कडं आठवावं.

जात आणि झाड निवडताना

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी जपानी किंवा युरोपीय लार्च घ्यायला सांगतो. ओळखायला सोपं आहे. युरोपीय लार्चची एक वर्षाची डहाळी गवताच्या काडीसारखी पिवळसर, जपानीची तांबूस. जपानीच्या सुया निळसर झाकेच्या, आणि त्याच्या शंकूच्या खवल्यांच्या कडा गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळलेल्या असतात. या दोघांचा संकर स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावाच्या नावाने ओळखला जातो. तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे खोड लवकर जाड करायचं असेल तर उपयोगी.

तामारॅक मिळाला तर सोडू नका. त्याचे शंकू सगळ्या लार्चमध्ये लहान, एक ते अडीच सेंटिमीटर, त्यामुळे छोट्या बोन्सायवरही प्रमाणात दिसतात. दलदलीत शेवाळ वर वर चढत जातं तशी तो खोडातून नवी मुळं सोडत जातो आणि मुळांचा पसारा उथळ राहतो. अशी झाडं उथळ कुंडीत बसवायला तयारच असतात. लायलचा लार्च मात्र डोंगरावरच शोभतो. सखल भागात आणून कुंडीत जगवणं फार कठीण, त्या वाटेला न गेलेलं बरं.

रानातून झाड काढायचं असेल तर जमिनीच्या मालकाची किंवा वनखात्याची लेखी परवानगी हवीच. रोगांमुळे काही भागांत लार्चची ने-आण करण्यावर निर्बंध असतात, तेही आधी विचारून घ्यावं. परवानगी असली तरी वृक्षरेषेवरच्या शंभर वर्षांच्या झाडावर पहिला प्रयोग करू नये. ते परत येत नाही.

रोपवाटिकेतून घेताना उंची पाहू नका. बुंध्याभोवतीची माती बोटाने दोन सेंटिमीटर उकरून मुळं पाहा. चहूबाजूंनी पसरलेली मुळं आणि खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात जिवंत फांद्या किंवा गाठी, एवढं असेल तर दीड मीटरचं सरळसोट रोपही चालेल. ते आपण कापणारच आहोत.

बियांपासूनही लार्च सहज होतो. बी ओलसर वाळूत मिसळून तीन ते सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वसंतात पेरायचं. हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय बी नीट उगवत नाही, हेही डोंगराचंच वेळापत्रक. छाट कलमाला मुळं कष्टाने फुटतात. गुटी कलम जमतं, पण धीर हवा.

पहिली दोन-तीन वर्षं : खोड

खोड घडायच्या आधी झाड बोन्सायच्या कुंडीत घातलं की वाढ खुंटते आणि मग दहा वर्षं थांबूनही मनासारखं खोड मिळत नाही. म्हणून रोप जमिनीत किंवा रुंद लाकडी खोक्यात लावा. खाली सपाट फरशी ठेवली तर मुळं आडवी पसरतात. गोठलेल्या जमिनीवरच्या लार्चची मुळं पसरतात, अगदी तशीच.

दोन वर्षं मोकळं वाढू द्या. खोड हव्या त्या जाडीजवळ आलं की हिवाळ्याच्या शेवटी, डोळे (न उघडलेले कोंब) फुगायच्या आधी, ते एखाद्या जोमदार फांदीच्या वर कापा. ती फांदी तारेने वर वळवून नवा शेंडा करा. मोडलेल्या शेंड्याचा लार्च डोंगरावर हेच करतो. दोन-तीन वर्षांनी हाच प्रयोग आणखी वर करायचा. प्रत्येक कापासोबत खोडाला थोडा बाक आणि चांगला निमुळतेपणा येतो. कापाच्या जागी दोन सेंटिमीटरचं खुंट ठेवा, ते वाळलं की मग जवळून साफ करा. एकदम जवळून कापलं तर लाकूड खाली वाळत जाऊन नव्या शेंड्यालाच धोका होतो.

या काळात एका गोष्टीवर लक्ष हवं. लार्च कधीकधी एकाच जागेतून चार-पाच फांद्या काढतो. त्या तशाच राहिल्या तर तिथे खोड फुगतं आणि खालपेक्षा वर जाड दिसायला लागतं. ते नंतर दुरुस्त होत नाही. अशा जागी पहिल्याच हिवाळ्यात एक, फार तर दोन फांद्या ठेवाव्यात.

कुंडीबदल : डोळ्याचा रंग पाहून

तारीख पाहून लार्चची कुंडी बदलू नये. हिवाळा संपताना आखूड फुटीवरचे डोळे बघत राहा. आधी ते तपकिरी, घट्ट, गोल असतात. मग फुगतात, आणि टोकाला हिरवा ठिपका दिसतो. तो दिसल्यापासून सुया झुबक्यासारख्या पसरायच्या आत कुंडी बदलायची. ही खिडकी दोन-तीन आठवड्यांची, आणि उबदार वसंतात त्याहून लहान. माती, जाळी, तार, कुंडी हे सगळं आधीच तयार ठेवावं. माझा एक चांगला जपानी लार्च मी सुया पूर्ण उघडल्यावर मुळं कापल्यामुळे गेला. त्या वर्षी वसंत लवकर आला आणि मी ठरवलेल्या रविवारची वाट पाहत बसलो. तेव्हापासून फेब्रुवारी संपला की मी रोज सकाळी डोळे बघतो.

माती निचऱ्याची हवी पण ओल धरणारी. मी दोन भाग अकादामा (दाणेदार जपानी चिकणमाती), एक भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि एक भाग लाव्हा दगडाचे खडे असं मिश्रण वापरतो, कण तीन ते सहा मिलिमीटरचे, बारीक भुकटी चाळून काढलेली. अकादामा मिळत नसेल तर विटेचा चुरा आणि कुजलेली पाइनची साल यांवरही झाड चांगलं वाढतं.

मुळं काठीने बाहेरून आत मोकळी करा. तरुण, जोमदार झाडाची एक तृतीयांश ते निम्मी मुळं काढता येतात. आधी खाली जाणारी जाड मुळं, मग कडेने गोल फिरणारी. जुन्या झाडाला एवढं सोसत नाही. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. ती मायकोरायझा, झाडाची सोबतीण. लार्चखालीच उगवणारी एक पिवळसर-केशरी अळंबी रानात अशीच त्याच्या मुळांशी जोडलेली असते. तिच्यासाठी जुन्या मातीचा मूठभर भाग नव्या मातीत मिसळावा. मुळं धुऊन अगदी स्वच्छ करू नयेत.

झाड कुंडीला तारेने घट्ट बांधा. हललं तर नवी पांढरी मुळी तुटते. भरपूर पाणी द्या, आणि पुढचा महिनाभर वारा आणि रात्रीचं दहिवर (गोठलेलं दव) यांपासून जपा. सुप्त लार्च उणे तीसही सोसेल, पण नुकत्या उघडलेल्या सुया एका रात्रीच्या दहिवराने काळ्या पडतात. तरुण झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी, प्रौढ झाडाची तीन ते पाच वर्षांनी बदलावी.

छाटणी

इथे घाई करणारे बहुतेकजण एकच चूक करतात. नवी फूट दिसली की लगेच खुडतात. झाड घडत असेल तर खुडू नका. लांब फूट दहा-पंधरा सेंटिमीटर होऊ द्या, तिने फांदी जाड होते. मग उन्हाळ्याच्या मध्याला तिला मागे कापा. कापायचं कुठे, हे पाहायला सुयांच्या बेचक्यात बघा. लांब फुटीवरच्या प्रत्येक सुईपाशी डोळा नसतो, काहींपाशीच असतो. तळाकडचे चार-पाच डोळे ठेवून, बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित पुढे काप घ्यावा. खाली तोंड असलेल्या डोळ्याची फूट सावलीत वाढते आणि दुबळी निघते. वर तोंड असलेला डोळा सरळ आकाशाकडे पळतो.

फांदीरचना जवळजवळ पूर्ण झालेल्या झाडाचं वेगळं. त्याची नवी फूट एक-दोन सेंटिमीटर झाली, अजून मऊ आहे, तेव्हा बोटांनी टोक खुडायचं. सगळ्या झाडावर एकाच दिवशी नाही. आधी वरचा तिसरा हिस्सा, कारण तो जोरात आहे. आठवड्याने मधला. खालच्या फांद्यांना त्या वर्षी मोकळं सोडलं तरी चालेल. असं दोन-तीन वर्षं केलं की ताकद खाली उतरते. वरचं झुडूप दाट राहिलं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या मरतात. म्हणून लार्चमध्ये छाटणी म्हणजे मुख्यतः उन्हाची वाटणी.

हिवाळ्यात, सुया गळल्यावर, सगळी रचना उघडी पडते. मला हा काळ सर्वांत आवडतो. झाड भिंतीसमोर ठेवा आणि एकमेकांना छेदणाऱ्या, उलट्या वळलेल्या, एका जागेतून निघालेल्या डहाळ्या काढा. गाठींना धक्का लागणार नाही याची काळजी घ्या, बोट घासलं तरी डोळा गळून पडतो.

तार

लार्चची फांदी लवचीक असते, करंगळीएवढी जाड फांदीसुद्धा वळते. पण ती मनाची पक्की. एका हंगामानंतर तार काढली की बऱ्याचदा परत वर जाते. दोन हंगामांची तयारी ठेवावी.

तार चढवायला सुया गळल्यानंतरचा शरद किंवा हिवाळ्याचा शेवट बरा, कारण सगळं दिसतं. वेढे गाठींच्या मधून जातील असे घ्या, गाठीवरून नाही. वसंतात तार निवांत असते आणि माणूस गाफील राहतो. फांद्या जाड होतात त्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा तीन आठवड्यांत तार सालीत रुतते. जुलैपासून दर आठवड्याला तपासा. सुयांच्या दाटीत तार दिसत नाही, बोटाने चाचपावी लागते. रुतायला लागली की कटरने तुकडे करून काढा, उलगडत बसू नका.

फांदीला कुठला आकार द्यायचा? डोंगरावरच्या जुन्या लार्चची फांदी खोडातून निघते, बर्फाच्या ओझ्याने खाली झुकते आणि टोकाशी उन्हाकडे वर उचलते. नुसती खाली ओढलेली फांदी निर्जीव दिसते आणि तिचं टोकही दुबळं पडतं. शेवटचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग वर उचलून ठेवला की ती जोमाने वाढते.

पाणी, खत, ऊन

डोंगरावर उन्हाळा छोटा असतो आणि बर्फ वितळल्याचं पाणी भरपूर. लार्च तेवढ्या काळात धबधबा पितो. पूर्ण पानांवर असलेल्या झाडाला कडक उन्हाच्या दिवसांत दोनदा पाणी लागू शकतं. माती एकदा पूर्ण सुकली तर आतल्या सुया पिवळ्या होऊन गळतात, आणि नेमक्या त्याच गाठी आपल्याला हव्या असतात. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं द्यावं. जड पाण्याने कुंडीवर आणि खोडावर पांढरे डाग पडतात.

ऊन दिवसभर हवं. पण पारा पस्तिशीकडे जाऊ लागला की कुंडी तापते, आणि थंड मातीला सरावलेल्या मुळांना ते सोसत नाही. अशा दिवसांत दुपारपुरती सावली, आणि कुंडीच्या बाजूंवर ओलं कापड. झाडाला सावली देण्यापेक्षा कुंडीला सावली देणं जास्त महत्त्वाचं.

खत सुया गडद आणि टणक झाल्यावर सुरू करावं, म्हणजे उघडल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी. खोड घडवताना सढळ हाताने. तयार झाडाला वसंतात नत्र कमी ठेवा, नाहीतर सुया आणि फुटी दोन्ही लांब होतात. शरदात पालाश जास्त असलेलं सौम्य खत पुढच्या वर्षीचे डोळे भरायला मदत करतं.

हिवाळा हवाच

जिथे थंडीचे सलग दोन-तीन महिने मिळत नाहीत तिथे लार्च लावू नये, हे मी स्पष्ट सांगतो. त्याला शून्य ते सात अंशांच्या आसपासची दीर्घ थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे अर्धवट आणि वेडेवाकडे उघडतात. एक वर्ष झाड तग धरेल, दुसऱ्या वर्षी खंगेल, तिसऱ्या वर्षी जाईल. घरात, खिडकीशी, ते कधीच जगणार नाही.

जिथे थंडी कडक आहे तिथे काळजी मुळांची. जमिनीतल्या लार्चची मुळं माती आणि बर्फ यांच्या पांघरुणाखाली असतात, कुंडीतली चारी बाजूंनी उघडी. पारा उणे दहाच्या खाली जाणार असेल तर कुंडी जमिनीत पुरा किंवा झाडाच्या सालीच्या ढिगात बसवा. पानंच नसल्यामुळे उजेडाची गरज नाही, म्हणून थंड, अंधाऱ्या शेडमध्येही ते राहतं. माती किंचित ओली ठेवा, आणि शेडमध्ये उंदीर असतील तर बुंध्याभोवती जाळी लावा, हिवाळ्यात ते साल कुरतडतात. डोळे फुगायच्या आत बाहेर उन्हात आणायला विसरू नका, अंधारात उघडलेल्या सुया फिकट आणि लांबुळक्या होतात.

शंकू आणि रोग

वसंतात सुयांबरोबर लालसर-गुलाबी मादी फुलं येतात, लहान उभ्या गुलाबांसारखी. त्याच वर्षी त्यांचे शंकू पिकतात आणि पुढे काही वर्षं फांदीवर टिकतात. हिवाळ्यातल्या उघड्या झाडावर चार-सहा शंकू फार सुंदर दिसतात. पण फांदी शंकूंनी लगडली तर झाड कमजोर आहे किंवा होणार आहे, असं समजून बहुतेक काढावेत.

सुयांवर कापसाचे बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो लार्चचा लोकरी मावा. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, जास्त असेल तर साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावं. सुयांची टोकं वाळून पोकळ झाली असतील तर आत बारकी अळी असते. ती वेचून काढावी. ओल्या वसंतात सुया खालून तपकिरी होऊन गळत असतील तर बुरशी. झाडं एकमेकांपासून लांब ठेवा, पडलेल्या सुया उचला, संध्याकाळी पानांवर पाणी टाकू नका. खोडावर खोलगट, डिंक गळणारी जखम म्हणजे कँकर. युरोपीय लार्चला तो जास्त होतो, जपानीला कमी. याउलट फायटोफ्थोरा रॅमोरम हा रोग २००९ साली ब्रिटनच्या नैर्ऋत्य भागात जपानी लार्चवर आढळला आणि पुढे तिथली मोठी जंगलं तोडावी लागली. डहाळ्या झपाट्याने वाळत असतील आणि सालीतून डिंक येत असेल तर झाड कुणाला देऊ नका, त्या भागातल्या वनस्पती आरोग्य विभागाला कळवा.

राई

एकट्या झाडाइतकाच लार्च राईत, म्हणजे एकाच कुंडीत लावलेल्या झाडांच्या समूहात, शोभतो, कारण मोकळ्या उतारावर एकाच वेळी उगवलेली रोपं तो तशीच उभी करतो. तीन ते पाच वर्षांची, वेगवेगळ्या जाडीची सात, नऊ किंवा अकरा रोपं घ्या. वेळ कुंडीबदलाचीच, हिरवा ठिपका दिसल्यावर. रुंद, उथळ कुंडी किंवा सपाट दगड घ्या. सर्वांत जाड आणि उंच झाड मध्यापासून थोडं बाजूला आणि किंचित पुढे लावा. दुसरं त्याच्या जवळ, बाकीची मागे आणि कडेला बारीक होत जाणारी. समोरून पाहताना कुठलीही तीन खोडं एका रेषेत नकोत आणि दोन खोडांमधली अंतरं सारखी नकोत. प्रत्येक रोप तळातल्या जाळीला तारेने बांधा.

आतल्या बाजूच्या खालच्या फांद्या लावतानाच काढून टाका, सावलीत त्या वाळणारच. कडेच्या झाडांच्या बाहेरच्या फांद्या मात्र खालपर्यंत राहू द्या, जंगलाच्या काठावर त्या तशाच असतात. पहिल्या वर्षी काही खुडू नका, तार लावू नका, फक्त पाणी आणि ऊन. दुसऱ्या हिवाळ्यात सुया गळल्या की शेंड्यांची रेषा पाहा. मुख्य झाडाला ओलांडून जे वर गेलं असेल ते खाली आणा, आणि बाकीचं पुढच्या वसंताच्या फुटीवर सोडा.